अकरा दुरुस्त्या

बंदराच्या ऑफिसात तिला सगळे दुभाषी म्हणत, कारण तिचं कामच तसं होतं. भरतीचं पाणी किती चढेल हे सांगणारा जुना प्रोग्राम तिच्या बाबांनी याच ऑफिसात असताना लिहिला होता. तो आधीच कंपाइल केलेला, म्हणजे रांधून झाकून ठेवलेला. वेगाला तोड नाही, पण मधेच काही विचारायची सोय नाही. जहाजं आत आणणाऱ्या पायलटांना हवा होता इंटरप्रीटर: पडद्यावर खिडकी उघडायची, प्रश्न टाइप करायचा, उत्तर जागच्या जागी. या दोघांची सोयरीक जुळवायचं काम हिच्या गळ्यात पडलं.

सोयरीक जुळली, पण उत्तर चुकलं. धक्क्याशी नवी खोदाई झाल्यापासून आकडा खऱ्या पाण्यापेक्षा बावीस सेंटिमीटर जास्त यायचा, आणि त्यावर विसंबलं तर जहाज तळाला टेकणार. साहेबांनी पंधरा दिवस दिले. तेवढ्यात जमलं नाही तर बाबांचा प्रोग्राम कायमचा काढून टाकायचा.

तिने बाबांना फोन केला. निवृत्त होऊन बारा वर्षं झालेला माणूस, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक ओळ बदलून पाठवली. तिने ती घातली, कंपाइल केली, खिडकीत विचारलं. ये रे माझ्या मागल्या, बावीस.

तिने तसं कळवलं. बाबांनी ओळ पुन्हा बदलली. बावीस. तिसऱ्या दिवशीही बावीस. इंटरप्रीटरमधली तिची स्वतःची ओळ बदलली की खिडकीत लगेच फरक दिसे, तेव्हा खोट बाबांच्याच गणितात, यात तिला शंकाच उरली नाही. खिडकी बंद करायचं तर कोणी नाव काढत नसे. ती बंद केली की भरतीच्या चाळीस वर्षांच्या नोंदी परत आत भरायला दीड तास जाई. घरी पोचल्यावर चपला काढायचंही तिला त्राण नसायचं. सोफ्यावर तशीच बसून ती बाबांना फोन लावायची आणि म्हणायची, नाही बसलं.

रोज बाबांचा आवाज थोडा बारीक होत गेला. दहाव्या दिवशी ते म्हणाले, "माझं डोकं चालेनासं झालंय गं. तुझ्या आईला सांगितलंय, गाडीची किल्ली माझ्या हाती देऊ नकोस म्हणून."

अकराव्या दुरुस्तीनंतरही बावीसच आले. तेव्हा ती इतकी दमली होती, की राहू द्या बाबा, आता तुम्हाला नाही जमायचं, असं बोलून बसली. बोलायला नको होतं. जुना प्रोग्राम काढावा अशी चिठ्ठी लिहून तिने साहेबांच्या टेबलावर ठेवली.

बाराव्या दिवशी दुपारी देखभालवाल्यांनी सगळी मशीनं बंद करून चालू केली. तिने नोंदी परत भरल्या आणि सवयीने प्रश्न टाकला. चूक या वेळी बावीसची नव्हती, चाळीसची होती.

ती बघतच राहिली. ओळ तर कालचीच होती. मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. खिडकी उघडताना कंपाइल केलेला प्रोग्राम एकदाच आत घेते आणि बंद होईपर्यंत तोच धरून बसते. तिच्या ओळी खिडकी नव्याने वाचत होती, बाबांच्या नाही. अकरा दिवस पालथ्या घड्यावर पाणी. तिने बाबांची पहिली ओळ परत घातली, कंपाइल केली, खिडकी बंद करून उघडली आणि दीड तास नुसती बसून राहिली. फरक एका सेंटिमीटरच्या आत आला. काखेत कळसा होता, आणि गावाला वळसा तिने म्हाताऱ्याला घालायला लावला होता. तिला स्वतःची लाज वाटली.

साहेबांच्या टेबलावर अजून तशीच पडलेली चिठ्ठी उचलून तिने फाडली आणि तिथूनच फोन लावला. सगळं सांगितलं. पहिल्याच दिवशी बरोबर होतं का, असं बाबांनी दोनदा विचारलं.

"मग नंतरच्या दहा वेळा?"

"बरोबर ओळच मोडत होतात, बाबा. माझं ऐकून."



"म्हणजे चूक तुझी."

"माझीच."

"बरं झालं," बाबा म्हणाले. "फार बरं झालं, पोरी. आता ठेव फोन. मला जरा पडू दे. अकरा दिवस डोळ्याला डोळा लागलेला नाही."