छावणी उठेल तेव्हा

मित्रांनो, सूर्यमाळच्या एका पाड्यात, धुरानं काळवंडलेल्या कुडावर टांगलेला तो राक्षसाचा जुना मुखवटा म्हणजे मी. माझा एक कान उंदरांनी खाल्लाय.

जव्हारच्या कारागिरानं मला कागदाच्या लगद्यातून घडवलं. मी ओला असताना त्याच्या लेकीनं माझ्या गालात बोट खुपसलं. त्यामुळे खळी पडलेला राक्षस मी एकटाच. आमच्या बोहाड्याच्या उत्सवात प्रत्येक सोंग एकेका घराचं असतं. मी तुळशीदासच्या घरचा. तो मला चेहऱ्यावर बांधून देवीशी लढायचा. संबळ थांबला की राक्षस आणि देवी शेजारी बसून चहा प्यायचे. मला वाटायचं, जगातल्या साऱ्या लढाया अशाच संपत असतील.

मग तुळशीदास परदेशी गेला. तिथं एका बलाढ्य देशाची फौज दुसऱ्याच देशात तळ ठोकून बसलीय, शांतता आणायला म्हणे. त्या छावणीच्या भटारखान्यात तो कांदे चिरतो. तेव्हापासून बोहाडा मी कुडावरूनच ऐकतो. डोळ्यांच्या भोकांतून उन्हाचे कवडसे शिरतात आणि वाटतं, आपण कुणाच्या तरी श्वासानं ऊबदार झालोय, नाचतोय.

यंदा देवीचं सोंग घेणारा गावचा जिवाकाका दारात आला. "काय गं रंगू, तुझा राक्षस तिकडं फौजेला डाळ वाढतोय. इकडं देवीनं लढावं कुणाशी? माझ्या गुडघ्यांशी?"

तुळशीदासची बायको रंगू हसली.

"हसू नको. सोंग गावातल्या मंगेशला दे, तो नाचेल. मात्र एकदा दिलं की ते त्याच्याच घरचं."

"आज फोन यायचाय, काका. विचारते."

दुपारी फोन आला. लेक माघीनं तो दोघींच्या मध्ये धरला.

"रंगू, साहेब हसत आला आज. म्हणाला, चांगली बातमी, अजून दोन वर्षं काम आहे. सही करू?"

"छावणी उठणार म्हणत होतास ना?"

"उठणारच होती. इथल्या दोन टोळ्यांचं जुळत आलं होतं. मग बाजारात स्फोट झाला. आता नव्या गाड्या येतायत, नवे ठेकेदार येतायत. तेलाच्या विहिरींवर पहारा या फौजेचाच. सगळं शांत झालं तर यांना इथं ठेवील कोण?"

"म्हणजे फौजेनंच लावलं भांडण?"

"ते मला काय ठाऊक? मी कांदेवाला. पण मिटावं म्हणून कुणाला घाई दिसत नाही."

रंगूनं वर पाहिलं. घरावरचे नवे पत्रे त्याच कांद्यांतून आले होते.

माघीनं फोन स्वतःकडे ओढला. "बा, त्या बाजारात पोरी पण होत्या?"

तो म्हणाला, "होत्या गं."

"सही करू नको," रंगू म्हणाली. "तू ये."

"माझ्या जागी उद्या दुसरा उभा राहील. छावणीला काय फरक पडतो?"

"नसू दे पडत. असल्या चांगल्या बातमीखाली आपलं नाव नको."

संध्याकाळी तिनं जिवाकाकाला निरोप धाडला, सोंग घरातच राहील. मग मला उतरवून पदरानं पुसलं. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! जणू भिंतच सुटली आणि मी ढगात निघालो.

मित्रांनो, जुन्या मुखवट्यांना ओलीपासून जपा. आणि कुणी दुसऱ्याच्या घरात शांतता आणायला निघाला, तर तो परत कधी जाणार, हे आधी विचारा.

तुळशीदास निघालाय. फौज अजून तिथंच आहे.