कोळंब्यांचा फिल्टर

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दवाखाना नव्या जागेत हलवायचं ठरवलं, तेव्हा बाहेरच्या खोलीतली काचेची टाकी कुणाला हवी असेल तर घेऊन जा म्हणाले. त्यांच्याकडे रिसेप्शनला बसणाऱ्या बाईने लगेच होकार दिला. नवरा दिवसभर भिंतीकडे बघत बसतो, त्यापेक्षा पाण्याकडे बघेल, एवढाच तिचा विचार होता.

नवरा शहर बसचा ड्रायव्हर. सध्या घरी. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका चौकात सिग्नल सुटला, त्याने बस पुढे घेतली, आणि फुटपाथच्या कडेला उभे असलेले एक म्हातारे गृहस्थ तोल जाऊन मागच्या चाकाखाली आले. चौकशी झाली. कॅमेऱ्यात सगळं स्पष्ट दिसत होतं. ड्रायव्हरची चूक नाही असा निर्णय झाला. साहेबांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. वाटेल तेव्हा कामावर या."

पंचाईत अशी होती, की त्याने मनाला काही लावून घेतलंच नव्हतं. तो जेवत होता, झोपत होता, नखं कापत होता. एकाच अंगावर फार वेळ झोपल्यावर हात बधिर होतो, तो उचलून दुसऱ्या हाताने बाजूला ठेवावा लागतो, तसं तो स्वतःला या खोलीतून त्या खोलीत ठेवत होता. त्याला एकट्याला रडता यावं म्हणून बायको कधीकधी मुद्दाम बाहेर चक्कर मारून यायची. परत यायची तेव्हा तो टीव्हीवरची साबणाची जाहिरात मन लावून बघत असायचा.

टाकी जेवणाच्या टेबलाजवळच्या बुटक्या कपाटावर बसली. आत मासे नव्हतेच. गोड्या पाण्यातल्या कोळंब्या होत्या, नखाएवढ्या, लालभडक. काचेच्या मागच्या कडेला एक फिल्टर लटकवलेला. त्याची नळी पाणी खाली ओढायची आणि वरच्या डब्यातून पुन्हा टाकीत सोडायची.

सासूबाईंनी फोनवर विचारलं, "कोळंब्या पाळल्यात म्हणे? मग तळायच्या कधी?"

"एवढ्याशा आहेत, आई. दाताला चिकटतील नुसत्या," बायको म्हणाली आणि हसता हसता नवऱ्याकडे बघितलं. तोही हसला. हसायची जागा होती म्हणून.

पण टाकीकडे मात्र तो बघायला लागला. एका मादीच्या पोटाखाली अंड्यांचा पुंजका होता. मग एका सकाळी तो नव्हता, आणि शेवाळावर पिल्लं दिसली. पिल्लं म्हणजे काय, पाण्यात सांडलेले स्वल्पविराम. त्याने बायकोला हाक मारून दाखवली. दोन-तीन दिवसांत ती कमी झाली. आधी त्याला वाटलं, लपली असतील. मग त्याने फिल्टरचा डबा उघडला.

डब्यात, काळ्या स्पंजच्या मागे, काही पिल्लं जिवंत फिरत होती. बाकीची खाली, जिथे छोटा पंखा फिरतो, तिथे अडकली होती.

त्याने बटण बंद केलं. जिवंत पिल्लं चमच्याने टाकीत सोडली. बाकीची कागदावर काढली, कागद दुमडला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. हात धुतले. खुर्चीवर बसला. आता काहीतरी वाटेल, म्हणून थोडा थांबला. काही वाटलं नाही.

बायको कामावरून आली तेव्हा घर फार शांत होतं. "फिल्टर बंद का?"

"पिल्लं ओढतो."

"म्हणून बंदच? पाण्याचं काय होणार?"

तो चप्पल घालून बाहेर पडला. कितीतरी दिवसांनी, कुणी न सांगता.

मुख्य रस्त्याला मासेवाल्याचं दुकान होतं. मासेवाला म्हणजे खायच्या माशांचा नव्हे. हा काचेतल्या माशांचा. गोल पोटाचा, गप्पिष्ट माणूस. ड्रायव्हरने सगळं सांगितलं, तेव्हा मासेवाल्याने आधी कपाळावर हात मारला.

"फिल्टर बंद ठेवलात? अहो दादा, फिल्टर म्हणजे काय कचऱ्याची चाळणी वाटली? त्या स्पंजमध्ये जिवाणू राहतात. कोळंब्यांच्या घाणीचा अमोनिया होतो, ते विष. जिवाणू ते खाऊन टाकतात. वाहतं पाणी थांबलं की त्यांचा श्वास कोंडतो. ते मेले की पाणी वरून आरशासारखं दिसणार, आणि आतली सगळी मंडळी आडवी."

"मग कोणता लावू?"

मासेवाल्याला हा प्रश्न फार आवडायचा. त्याने एक बंद डब्याचा मोठा फिल्टर पुढे ठेवला. "हा कपाटाखाली राहतो. आतमध्ये जिवाणूंना हवी तेवढी जागा. पण तुमच्या टाकीला म्हणजे मुंगीला हत्तीची अंबारी. दुसरं, आहे तोच ठेवायचा आणि नळीच्या तोंडावर जाळी बसवायची. पण जाळी तुंबते, रोज बघावं लागतं. आणि तिसरा हा." त्याने एका पायावर उभा असलेला काळा, खडबडीत स्पंज दाखवला. "हवेचा पंप बुडबुडे सोडतो, बुडबुड्यांबरोबर पाणी स्पंजमधून हळूहळू वर येतं. बस. दिसायला भिकार, पण पिल्लं यावरच चरतात."

"यात पंखा नाही?"

"नाही."

"कुणी ओढलं जाणार नाही ना?"

मासेवाल्याने हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघितलं. "एवढी ओढच नसते, दादा. अंगावर येऊन बसली तरी उठून जातील."

"हाच द्या."

"पण ऐका. नवा स्पंज कोरा असतो, त्यात अजून कुणी राहायला आलेलं नाही. जुना लगेच काढू नका. नळीला पातळ कापड बांधा आणि दोन्ही चालू ठेवा, काही आठवडे. अमोनिया तपासायचं औषध देतो. नळीत थोडं पाणी घेऊन त्याचे थेंब टाकायचे, पाणी पिवळं राहिलं की ठीक. हिरवं झालं की टाकीतलं थोडं पाणी बदलायचं. घाई करायची नाही."

घरी येऊन त्याने बायकोचा एक पायमोजा कापून नळीच्या तोंडावर बांधला. टाकीतलंच पाणी वाटीत काढलं, जुना स्पंज त्यात हलकेच पिळला आणि ते तपकिरी पाणी नव्या स्पंजवर ओतलं. बायको दारात उभी राहून बघत होती. पायमोजा नव्या जोडीतला होता.

रोज सकाळी तो काचेच्या छोट्या नळीत पाणी घ्यायचा, थेंब टाकायचा, खिडकीशी धरायचा. पहिल्या काही दिवसांत पाणी हिरवट झालं, मग पुन्हा पिवळ्याकडे वळलं.

अशाच एका दुपारी त्याच्या बसवरचा कंडक्टर आला. डेपोत त्याला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण तो बंद व्हायचा नाही. त्या दिवशी मात्र खुर्चीत बसून गुडघे चोळत राहिला.

"कोळंब्या छान आहेत," तो म्हणाला. "लाल आहेत."

"काय झालं ते बोल."

"त्या गृहस्थांची मुलगी डेपोत आली होती. दोनदा. तुला भेटायचंय म्हणते. भांडायला नाही, असं तिनेच सांगितलं. मी म्हटलं, विचारून सांगतो. तू नाही म्हटलंस तरी कुणी काही म्हणणार नाही."

"येतो," ड्रायव्हर म्हणाला.

डेपोच्या कँटीनमध्ये दुपारची गर्दी ओसरली होती. मुलगी त्याच्याच वयाची निघाली. खांद्यावर कामाची बॅग, पुढ्यात गार झालेला चहा. रेडिओ दोघांची ओळख करून देऊन चक्क गप्प झाला आणि लांबच्या टेबलावर जाऊन बसला.

"तुम्हाला त्रास द्यायचा नाहीये," ती म्हणाली. "मी चौकशीचे कागद वाचले. मला फक्त एक विचारायचंय. तुम्ही खाली उतरून त्यांच्याजवळ बसला होतात, असं लिहिलंय. ते काही बोलले का?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. वेग विचारला होता, सिग्नल विचारला होता, ब्रेक विचारला होता.

"बोलले," तो म्हणाला. "माझा बूट बघा हो कुठे गेला, म्हणाले."

ती बघत राहिली.

"एक बूट निघाला होता. मी शोधून आणला. पायात घालता येत नव्हता, म्हणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी धरला. मग म्हणाले, हां, हाच. त्यानंतर काही नाही."

"रोज सकाळी पॉलिश करायचे," ती म्हणाली. "कुठे जायचं नसलं तरी. आम्ही सगळे वैतागायचो." तिच्या तोंडातून हसण्यासारखा एक आवाज निघाला आणि तिने ओठ मिटून घेतले. "माझं नाव वगैरे घेतलं असेल, असं वाटलं होतं."

"नाही घेतलं." दुसरं काही सांगावं का, हे त्याच्या मनातही आलं नाही. जे होतं ते त्याने सांगितलं.

बाहेर एक बस मागे घेताना कुणीतरी तिच्या पाठीवर थाप मारत 'येऊ दे, येऊ दे' ओरडत होतं.

"तुम्हाला झोप लागते?" तिने विचारलं.

"लागते. छान लागते. तेच कळत नाही."

"मलाही," ती म्हणाली. "सगळ्यांना वाटतं मी खंबीर आहे. अंत्यविधीच्या दिवशी मी आलेल्यांच्या गाड्या कुठे लावायच्या ते सांगत होते." तिने गार चहा एका घोटात संपवला आणि बॅग उचलली. जाताना तिने हात जोडले नाहीत, माफही केलं नाही. माफ करण्यासारखं काही नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. "बुटाचं सांगितलंत, बरं झालं," एवढंच म्हणाली.

त्याच फेरीत तो साहेबांच्या खोलीत गेला. गाडी चालवणार नाही, वर्कशॉपमध्ये काम द्या, म्हणाला. साहेबांनी समजावून पाहिलं. एवढा अनुभव, असा स्वच्छ रेकॉर्ड. तो ऐकत राहिला आणि शेवटी पुन्हा तेच म्हणाला. त्यांनी हो म्हटलं.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं, ती भांडी घासत असताना, तिच्या पाठीकडे बघत. आवाज कुठे अडकला नाही. नळ बंद झाला. ती वळली तेव्हा तिचे डोळे भरले होते आणि हातांवरून फेस फरशीवर पडत होता.

"एवढे दिवस का नाही बोललात?"

"तू विचारलं नाहीस."

"मी रोज विचारत होते, काय होतंय म्हणून."

"काही होत नव्हतं," तो म्हणाला. "अजूनही नाही होत."

तिने हात पुसले आणि त्याच्या शेजारी बसली. दोघं बसून राहिले, जेवणाची वेळ टळेपर्यंत.

पुढे पाणी सलग पिवळंच राहिलं. एका रविवारी त्याने जुना फिल्टर काढला, धुतला, पुसून माळ्यावर टाकला. सोमवारी तो वर्कशॉपमध्ये रुजू झाला. मुकादमाने त्याला खड्ड्यात उतरवलं, वर उभ्या असलेल्या बसच्या पोटाखाली, आणि ब्रेकची झीज कशी मोजायची ते दाखवलं. मापपट्टी गार होती. तेल लागून ती बोटांतून निसटत होती. तो प्रत्येक चाकापाशी थांबत, मोठ्याने माप सांगत पुढे सरकत गेला.