अल्युमिनियमचा पाइप

गजेंद्रने दोन्ही पाइप बॉनेटवर आदळले. एक निळ्या सिलिकॉनचा, दुसरा चकचकीत अल्युमिनियमचा.

"साळेबुवा, टर्बोले यातला एक आजच लागला पाह्यजे. गाडी आली का गावाले समजलं पाह्यजे, कोण आलं ते!"

राजकुमारने हात पुसले. धाड गावच्या बाजाराला लागूनच त्याचं गॅरेज होतं. दुसरं कोणी असतं तर त्याने तोंडावर सांगितलं असतं, बाबा रे, कंपनीच्या पाइपला काय धाड भरलीय? पण हा पडला जावई. जावई कसला, मानगुटीवर बसलेलं भूत! बहिणीवर, मंजुश्रीवर हात उचलतो हे आता लपून राहिलं नव्हतं. दिवाळीला ती पोरीला घेऊन माहेरी आली, तर चार मोठ्या माणसांनी समजूत घालून परत धाडली. आत्ताही पुढच्या सीटवर बसली होती, कुर्त्याची बाही मनगटाखाली ओढून.

"निळा लावा," राजकुमार म्हणाला. "इंजिन हाललं तरी तडकत नाई. आवाजही बेताचा. अल्युमिनियममधून टर्बोची शिट्टी निस्ती कोकलते."

"अल्युमिनियमचाच घ्या," मंजुश्री आतून बोलली. "तुमच्या गाडीले तोच शोभते."

"पाहा! बायकोले समजते, अन् मेकॅनिकले समजत नाई बे!"

राजकुमारच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या माणसापेक्षा बहिणीचाच राग जास्त आला. मार खायचा आणि वर त्याचीच तळी उचलायची! त्याने जुना पाइप हिसकून काढला, फिल्टरच्या डब्यापासून टर्बोपर्यंत नवा बसवला आणि क्लिपा अशा आवळल्या की पेचकस सटकून बोटं सोलली.

मंजुश्रीला उतरवून गजेंद्र एकटाच फेरी मारायला निघाला. बुलढाणा रस्त्यावर गाडीने वेग धरला, तशी शिट्टी घुमत मागे आली.

"झालं समाधान?" राजकुमार म्हणाला. "मिरव आता!"

मंजुश्रीने हातानेच त्याला गप्प केलं. मान तिरकी करून ती ऐकत होती. गाडी वळणाआड गेली, तरी शिट्टी येतच होती.

"आमच्याकडं एवढा गलका नसते, भाऊ. तिथं फाट्यापासूनच ऐकू येईन."

"मंग?"

"मंग पोरीले घेऊन शेजारी कलाबाईच्या घरी जायाले येळ भेटते. आतापर्यंत दारात उभा राह्यला का मंगच समजे."

राजकुमारने हातातला पेचकस खाली ठेवला.

"मंजू, तू जाऊच नको. यावेळी कोण परत धाडते तेच पाह्यतो मी."

"पोरगी तिकडंच हाय. सासूजवळ ठेवूनच आणते तो मले."

गाडी गॅरेजसमोर येऊन थांबली. गजेंद्रने खिडकीतून डोकं काढलं.

"काय साळेबुवा, हाय का नाई आवाज?"

राजकुमारने बहिणीकडे पाहिलं नाही. त्याने खाली ठेवलेला पेचकस उचलला.

"कमी हाय, जवाईबुवा. फिल्टरच्या तोंडाशी आवाज दाबायची एक डबी असते. बॉनेट उघडा, तेबी काढून टाकतो."