उलटे वेढे

बऱ्याच वर्षांनी मला मासे फसवायच्या पिसांच्या खोट्या माश्या बांधायची हुक्की आली, म्हणून माळ्यावरून डबा काढला. गळ धरायच्या चिमट्याला गंज नाही, उलट ताजं तेल! पिसंही नवी. मला लगेच मासेमारी करणाऱ्या मेव्हण्याचा संशय आला. फुकट ते पौष्टिक, हा त्याचा बाणा.

“माझ्या डब्याला कोणी हात लावला?” मी बायकोवर खेकसलो.

“त्या कचऱ्याला कोण हात लावणार?”

तळाशी एक बांधलेली माशी सापडली. माझ्या माश्यांपेक्षा सुबक, पण दोऱ्याचे वेढे उलटे, डावखुऱ्या माणसाने घातल्यासारखे. मेव्हणा तर उजव्या हाताचा.

बायकोने चहाचा कप पुढे केला. डाव्या हाताने.

मी त्या हाताकडे बघतच राहिलो.

“तुमच्या माश्या पाण्यात सुटायच्या,” ती म्हणाली. “दादा केव्हापासून माझ्याच नेतो.”