गाळलेली ओळ

घरात तिला सगळे 'लेखिकाबाई' म्हणायचे, तेही चिडवायला. बाईंची ना कादंबरी, ना कथासंग्रह. कुणाच्या मिक्सरचं माहितीपत्रक, कुणाच्या दुकानाची जाहिरात, मिळेल ते काम, जेवणाच्या टेबलावर बसून. "तुझं वाचतं कोण गं?" नवरा विचारायचा. "मावशी वाचते!" ती फणकारायची. आणि ते खरंच होतं. तिचं छापून आलेलं चिटोरंही मावशी चष्मा लावून, ओळींवर बोट फिरवत वाचायची.

त्या दिवशी सकाळी टपालाने तिनेच लिहिलेलं गॅसच्या हीटरचं पत्रक छापून आलं. मोठ्या कौतुकाने तिने ते उघडलं, वाचलं, आणि परत पहिल्यापासून वाचलं. 'हीटर चालू असताना खिडकी उघडी ठेवा' ही ओळ कुठेच नव्हती. पान उलटलं, सुलटलं. नव्हती म्हणजे नव्हती.

मग आठवलं. मजकूर एका पानात बसेना, म्हणून ती ओळ तिनेच उचलली होती, वर ठळक चौकटीत टाकू म्हणून. तेवढ्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोन आला, आणि ओळ राहिली ती राहिलीच. वर कंपनीने भेट दिलेला हीटर तिने परवाच, खोकंसुद्धा न फोडता, आतल्या पत्रकासकट मावशीकडे पोचवला होता.

"अगं, पत्रकं वाचतं कोण? लोक आपल्या अकलेने खिडकी उघडतात," नवरा म्हणाला. एरवी तिने दोन दिवस अबोला धरला असता. आज म्हणाली, "तुझ्या तोंडात साखर पडो." पण मावशीचा फोन नुसता वाजत राहिला.

ती घरातल्या चपलांवरच पळत सुटली. चार गल्ल्या काही केल्या संपेनात. देवा, एवढं एकदा माझं लिहिलेलं मावशीने वाचलेलं नसू दे!

बेल वाजवली, दार बडवलं. शेवटी कडी निघाली. मावशी भिंतीला धरून उभी होती, चेहरा पांढराफटक.

"डोकं जड झालंय गं, मळमळतंय. फोनला उठवेचना."

आत हीटर धगधगत होता आणि खिडकी घट्ट बंद. तिने हीटर विझवला, खिडकी सताड उघडली, मावशीला ओढतच बाहेर पायरीवर आणून बसवलं.

"खिडकी का लावलीस गं मावशी?"

"मी उघडीच ठेवणार होते. पण तुझं पत्रक दोनदा वाचलं, त्यात तसं काही नव्हतं. म्हटलं, आपली पोर इतकं बारीकसारीक लिहिते, गरज असती तर लिहिलं नसतं का?"

तिला हुंदका फुटला. तिने आधी डॉक्टरांना फोन लावला, मग कंपनीला.

"पत्रकात चूक झालीय. माझीच आहे. किती हीटर विकले गेले?"

"चारशे," पलीकडचा माणूस म्हणाला. "घाबरू नका बाई, पत्रक कोण वाचतं?"

तिने मावशीकडे पाहिलं. "वाचतात," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता चारशे घरांचे पत्ते द्या मला."