राजेश्रीच्या मनगटावरचं कडं

मित्रांनो, माणसाच्या अंगातली अचाट शक्ती अडवून धरणारं मी एक जुनं पोलादी कडं आहे. कुणी नजरेनं दगड हलवतं, कुणी वाऱ्यासारखं धावतं. अशा माणसांना 'अभेद्य सुरक्षा' कंपनी पहाऱ्याची नोकरी देते आणि पहिल्याच दिवशी मनगटात कडं चढवते. किल्ली साहेबाकडे.

माझ्या वाट्याला राजेश्री आली. गंगाखेडजवळच्या एका साखर कारखान्याच्या फाटकावर ती उभी असे. तिनं तळहात पुढे केला की पेटलेली आग विझायची. एकदा चिपाडाच्या ढिगानं पेट घेतला, तेव्हा किल्ली सांभाळणाऱ्या हरिओमसाहेबांनी मला उघडलं आणि तिनं कारखाना वाचवला. कंपनीनं तिला हार घातला. "कडं पण लय मजबूत हाय," असं कुणीसं म्हणालं. मी फुलून गेले.

मग उन्हाळ्याच्या तोंडाला, भर दुपारी, रस्त्यापलीकडे ऊसतोड्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पेटल्या. माणसं उसाच्या फडात गेलेली. ऊसतोडीलाच आलेली राजेश्रीची आई तानुबाई तेवढी तापानं फणफणून आत पडली होती.

"साहेब, कडं काढा! माय हाय आत!"

हरिओमसाहेबांनी किल्ली हातात घेतली आणि ते थांबले. "कोप्या आपल्या हद्दीत न्हाईत, राजेश्रीबाई. वरून परवानगी लागती. फोन लावायलोय."

"जळायलीय की हो ती!"

ती तशीच धावली. तळहात पुढे केला. शक्ती तिच्या दंडातून थंडगार उतरत माझ्यापाशी आली, आणि मी ती अडवली. मला तेवढंच येतं. तिनं मला दगडावर आपटलं. तिचं मनगट फुटलं, मला ओरखडाही आला नाही. पाचटाचं छप्पर तानुबाईवर खाली बसलं. परवानगी आली ती त्यानंतर.

राजेश्री मला उतरवून, नोकरी सोडून आपल्या गावी पिंगळीला गेली. पण अंगात शक्ती असलेल्या बाईला कुणी कामावर घेईना, शेजारीही दारं लावून घेत. पुढच्या हंगामाला ती परत आली आणि तिनं हात पुढे केला. हरिओमसाहेबांनी मला उचललं, पण चढवलं नाही.

"द्या इकडं," ती म्हणाली, आणि तिनं स्वतःच मला चढवलं.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखावी, असं तुम्हांला शिकवतात. माझी राखू नका. मला पावसात टाका, गंजू द्या. पण कुणी टाकत नाही. पोलाद चांगलं आहे म्हणतात, अजून पुष्कळ वर्षं टिकेल.