झोपलेल्या कुंड्या

"वन्सं, ह्या कुंड्या ओल्या कशा?" मी विचारलं.

नणंदबाई खुशीत होत्या. आम्ही दोघं उन्हाळाभर हॉस्पिटलात, घर त्यांनीच सांभाळलं. झाडं वाळून काड्या झालेली पाहून त्या रोज मगभर पाणी घालत होत्या. आता काय बोलणार, कपाळ?

ह्यांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला आणि जीव ह्या दवबिंदू नावाच्या झाडांत. पानांवर चिकट थेंब, त्यात चिलट अडकलं की पान त्याला गुंडाळून खातं. झाड थंडीत उगवतं, उन्हाळ्यात वरून मरतं. खाली वाटाण्याएवढा कंद झोपून राहतो. तेव्हा थेंबभर पाणी चालत नाही, कंद कुजतो. मी एकदा बादली घेऊन गेले होते तर केवढे खेकसले होते माझ्यावर.

नणंदबाईंची पाठ वळताच मी माती उकरली. सगळीकडे कंदांचा नुसता लगदा.

झटका आल्यापासून ह्यांचं अर्धं अंग लुळं, तोंडातून एकच शब्द फुटायचा, "आली?" त्यांची उमेद टिकवा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी रोज सांगायचे, झाडं कशी येतील, अजून थंडी कुठे पडलीय? थंडी पडली तशी माझी झोप उडाली. मी खिडक्या लावून घेतल्या. ह्यांना कळू नये म्हणून स्वेटरसुद्धा घालेना. विचारलंच तर तुमच्या ताईचा प्रताप म्हणून सांगायचं, हे मनाशी ठरवून ठेवलं होतं.

एका सकाळी ह्यांनी मला कुडकुडताना पाहिलं आणि बाल्कनीकडे बोट केलं. मी त्यांची चाकांची खुर्ची ढकलत तिकडे नेली. चांगल्या हाताचं बोट त्यांनी कुंडीत खुपसलं, फिरवलं, बाहेर काढून त्याला लागलेला लगदा पाहिला. आता हा माणूस हातचा जाणार, एवढंच माझ्या डोक्यात.

"ताईला," ते म्हणाले. जीभ अडखळली, लाळ गळली. "ताईला... सांगू नकोस."

तेवढ्यात नणंदबाई पाण्याचा मग घेऊन आल्याच. आज उशीर झाला, म्हणत एकेका कुंडीत पाणी घालू लागल्या. ह्यांनी बोट माझ्या पदराला पुसलं. शेवटची कुंडी जरा लांब होती, ती चांगल्या हातानं नणंदबाईंकडे सरकवली.